मळकट प्रिंटचं करायचं काय?

रात्री लाल दिव्यात देखणा वाटलेला कृष्णधवल फोटोचा प्रिंट सकाळी दोरीवर मळक्या बनियनसारखा लोंबत असतो. घरच्या डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, पहिले काही महिने हे प्रत्येकाचं होतं. पांढरं पांढरं नाही, काळं काळं नाही, मधे सगळी राख. मग आपण निगेटिव्हला दोष देतो, कॅमेऱ्याला देतो, आणि शेवटी पुठ्ठ्याला भोक पाडून इथे थोडा उजेड दे, तिथे थोडा अडव असं सुरू करतो. ही घाई नडते. भिंत ओली असताना रंग लावण्यासारखं आहे ते.

हा लेख ज्यांना निगेटिव्ह धुता येते, एनलार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून पेपरवर पाडणारं यंत्र) चालवता येतो आणि कसाबसा एक प्रिंट काढता येतो त्यांच्यासाठी आहे. त्या प्रिंटचा पुढचा, बरा प्रिंट कसा काढायचा, एवढंच सांगतो. उदाहरणाला माझी एकच निगेटिव्ह घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. वाईच्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर माझी मावशीआजी सुपात तांदूळ निवडत बसली आहे. चेहरा सावलीत. मागे माजघराचं उघडं दार, आत काळोख. उजव्या कोपऱ्यात उन्हातलं अंगण आणि चुना लावलेलं तुळशीवृंदावन. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह, ८ बाय १० इंचाचा आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) पेपर, लेन्सचं छिद्र एफ ८ वर, कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, ठरवणारा २ नंबरचा फिल्टर, १२ सेकंद. हा माझा पहिला प्रिंट, आणि तो मळकट होता.

आधी प्रिंट नीट बघा

सेफलाईटखाली, म्हणजे डार्करूमच्या लाल दिव्याखाली, प्रिंटबद्दल काहीही ठरवू नका. त्या उजेडात प्रिंट असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून नवखा माणूस घाबरून तो डेव्हलपरमधून, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणातून, लवकर ओढून काढतो. हायपोत, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणात, पुरेसा वेळ गेला की पांढरा दिवा लावा, प्रिंट पाण्यातून काढा, उभा धरा. ओला प्रिंट जास्त उजळ आणि चकचकीत दिसतो, वाळला की थोडा बसतो. फायबर पेपरवर, म्हणजे जुने लोक ज्याला सरसकट ब्रोमाईड म्हणायचे त्यावर, हा फरक चांगला जाणवतो. आरसीवर कमी, पण असतो. ज्यांवरून निर्णय घ्यायचा ते पेपरचे तुकडे मी केस वाळवायच्या ड्रायरने सुकवूनच बघतो.

बघायचा दिवाही महत्त्वाचा. सिंकवर झगझगीत दिवा असेल तर त्याखाली काळपट प्रिंटसुद्धा छान दिसतो आणि तोच घरात भिंतीवर टांगला की विहिरीत पडल्यासारखा वाटतो. प्रिंट जिथे लागणार तिथल्याइतक्या उजेडात बघा. माझ्याकडे यासाठी बाथरूमच्या बाहेर पॅसेजमधला एक साधा बल्ब आहे, आणि डार्करूममधली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच असेल असं मला कधीकधी वाटतं.

आता तीन जागा निवडा: जिथे पांढऱ्यातसुद्धा काही दिसायला हवं अशी एक, जी ठार काळी हवी अशी एक, आणि ज्यासाठी फोटो काढला ती एक. माझ्या फोटोत सुपातले तांदूळ, माजघराचा काळोख आणि आजीचा चेहरा. तांदूळ दाणादाणा दिसले पाहिजेत, माजघर काळं पाहिजे, चेहरा जिवंत पाहिजे. वृंदावनाचं नंतर बघू.

रसायनं आणि दिवा यांची झडती

फोटोत काही बदलण्याआधी हे तपासा, कारण यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया.

पहिला संशयित डेव्हलपरमधला वेळ. नेहमीच्या पेपर डेव्हलपरमध्ये, १ भाग डेव्हलपर आणि ९ भाग पाणी अशा मिश्रणात, २० अंशांना आरसी पेपरला साधारण १ मिनिट आणि फायबरला २ मिनिटं लागतात. आपल्या डब्यावर असेल तो आकडा पाळा, आणि तेवढा वेळ ट्रे हलवत राहा. प्रिंट वेळेआधी काळा व्हायला लागला तर तो काढू नका. पूर्ण वेळ होऊ द्या, फेका, आणि पुढच्या वेळी उजेड कमी द्या. अर्धवट धुतलेल्या प्रिंटला खरा काळा रंग कधीच येत नाही. माझे पहिले वीसेक प्रिंट याच एका कारणाने मळकट होते.

दुसरं तापमान. पुस्तकातले २० अंश आपल्याकडे एप्रिलात नळाला येत नाहीत, ३० येतात. डेव्हलपरचा ट्रे एका मोठ्या परातीत ठेवा आणि परातीतल्या पाण्यात बर्फाची पिशवी सोडा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, पातळ होईल. २४ पर्यंत मी चालवून घेतो, पण संध्याकाळभर एकच तापमान राहील हे बघतो, नाहीतर सातचा प्रिंट आणि नऊचा प्रिंट यांची तुलनाच होत नाही. थंडीत उलट त्रास. पहाटे नाशकात किंवा महाबळेश्वरला काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की १३ अंशांच्या खाली डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन जवळजवळ झोपतं, आणि काळ्या रंगाचा भार त्याच्यावरच असतो. परातीत गरम पाणी ओता.

तिसरा संशयित पेपर. बंद पडलेल्या स्टुडिओतून जुनी पाकिटं स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू'ची पाकिटं अजून कुणाकुणाच्या माळ्यावर निघतात. घ्या, पण तपासून. अंधारात एका कोऱ्या तुकड्याचे दोन भाग करा. एक सरळ हायपोत टाका, दुसरा पूर्ण वेळ डेव्हलपरमधून काढून मग हायपोत. दिवा लावून दोन्ही शेजारी ठेवा. दुसरा राखाडी दिसला तर पेपर म्हातारा झाला आहे आणि त्यावर कधीच स्वच्छ पांढरं येणार नाही. मी एकदा असं अख्खं १०० तावांचं पाकीट घेतलं होतं. त्याचे मुलांनी पतंग केले.

चौथा सेफलाईट. लाल दिसतो म्हणजे तो निर्धोक असं नाही. बाजारातला लाल रंगाचा झिरोचा बल्ब तर अजिबात भरवशाचा नाही. परीक्षा सोपी आहे. सेफलाईट बंद ठेवून एका तुकड्याला एनलार्जरचा एवढाच उजेड द्या की तो धुतल्यावर फिकट राखाडी होईल. मग त्यावर चार-पाच नाणी ठेवा आणि सेफलाईट लावून पाच मिनिटं सोडा. तुकडा धुतल्यावर नाण्यांचे गोल दिसले तर दिवा लांब न्या, भिंतीकडे वळवा किंवा बदला. कोऱ्या तुकड्यावर नाणी ठेवून केलेली परीक्षा फसवी असते, कारण थोडा उजेड लागलेला पेपर कोऱ्यापेक्षा हळवा असतो, आणि प्रिंटमधला पांढरा भाग हा तसाच थोडा उजेड लागलेला असतो.

निगेटिव्ह गरम होऊन फुगते आणि फोकस सरकतो, तेव्हा दिवा मिनिटभर लावून ठेवूनच फोकस करा. लेन्स पूर्ण उघडी ठेवू नका, दोन स्टॉप बंद करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ब्लोअरने धूळ उडवा. इथे उडवलेला एक कण नंतरची दहा मिनिटांची ब्रशकारी वाचवतो.

वेळ ठरवायचा तांदळांवरून

नेहमीची टेस्ट स्ट्रिप म्हणजे पेपरची लांब पट्टी, तिच्यावर पुठ्ठा सरकवत ४, ८, १६, ३२ सेकंद. आधी सगळीला ४, मग एक भाग झाकून आणखी ४, मग आणखी ८, मग १६. वेळ दर पायरीला दुप्पट होते, कारण पेपरला सेकंद मोजता येत नाहीत, पटी कळतात. ५, १०, १५, २० अशी पट्टी काढली तर पहिल्या दोनांत मोठी उडी आणि शेवटच्या दोनांत जेमतेम फरक पडतो. पुठ्ठा सरकवताना दिवा चालूच ठेवा. दर वेळी बंद-चालू केला तर बल्ब पेटायला लागणारा क्षण प्रत्येक पायरीत मिसळतो आणि चार वेळा ४ सेकंद म्हणजे १६ सेकंद होत नाहीत.

ही पट्टी अंदाजापुरती. तिच्यातला घोटाळा असा की ४ सेकंदांचा भाग अंगणावर पडतो आणि १६ चा माजघरावर, मग तुलना कशाशी करणार? म्हणून अंदाज आला की चॉकलेटच्या वडीएवढे चार-पाच तुकडे कापा आणि प्रत्येक तुकडा त्याच जागी, तांदळांवर, ठेवून वेगवेगळा वेळ द्या. मागे पेन्सिलने आकडा. माझे तुकडे ६, ८, १० आणि १२ चे होते. १२ मध्ये तांदूळ राखाडी, ६ मध्ये सूप कोरं, ८ मध्ये दाणे नुकतेच उमटलेले. हाच वेळ. या टप्प्यावर काळ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

हे का, ते सांगतो. बहुतेक जण प्रिंट फिका वाटला की वेळ वाढवतात, कारण त्यांना काळा हवा असतो. काळा थोडा वाढतो, पण त्याच्याबरोबर तांदूळही मळतात. माझ्या पहिल्या प्रिंटचे १२ सेकंद असेच आलेले होते. पांढऱ्याचं नातं वेळेशी आहे आणि काळ्याचं ग्रेडशी, म्हणजे पेपर किती कॉन्ट्रास्ट देतो त्याच्याशी. दोन्ही कामं वेळेकडून करून घ्यायला गेलं की राख होते.

ग्रेड ठरवायची माजघरावरून

पूर्वी सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशी वेगवेगळी पाकिटं ठेवावी लागत. आता एकाच मल्टीग्रेड पेपरवर फिल्टर बदलून ते जमतं. या पेपरवर निळ्या आणि हिरव्या उजेडाला वेगवेगळा प्रतिसाद देणारे थर असतात. पिवळा फिल्टर निळा उजेड अडवतो आणि प्रिंट मऊ येतो, किरमिजी फिल्टर हिरवा अडवतो आणि प्रिंट कडक येतो. ०० सगळ्यात मऊ, ५ सगळ्यात कडक, २ मधला.

आता तांदळांचा वेळ, म्हणजे ८ सेकंद, देऊन २ नंबरवरच पूर्ण प्रिंट काढा आणि फक्त माजघर बघा. माझं माजघर धुरकट आलं, जणू आत चूल पेटली आहे. म्हणजे कॉन्ट्रास्ट कमी, फिल्टर चढवायचा. उलट माजघरासोबत आजीचे केस आणि दाराची चौकटही काळ्यात बुडली असती तर फिल्टर उतरवायचा. मी ३ लावला. इलफर्ड कंपनीच्या फिल्टरना ०० पासून ३½ पर्यंत वेळ सारखाच लागतो आणि ४ ते ५ ला दुप्पट, असं त्यांच्यासोबतच्या कागदावर असतं. पण हा सारखेपणा मधल्या एका राखाडी छटेपुरता आहे. ग्रेड चढवली की तांदूळ पुन्हा फिके होतात. म्हणून फिल्टर बदलला की तांदळाचे तुकडे पुन्हा काढायचे. कंटाळा येतो, पण पेपर यातच वाचतो. मला ३ नंबरवर १० सेकंद मिळाले, आणि माजघर त्या एका प्रिंटमध्ये एकदम आत गेलं. काळोख काळोखासारखा दिसायला लागला.

पूर्ण ग्रेडने फार वाटलं तर अर्धी ग्रेड बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वेळ आणि ग्रेड दोन्ही बदललेत तर फरक कुणामुळे पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता पुठ्ठा आणि तार

१० सेकंद, ३ नंबर हा माझा पाया. यात तांदूळ बरोबर, माजघर बरोबर, पण चेहरा अजून सावलीत आणि वृंदावन नुसता पांढरा ठिपका. इथे आल्यावर हात चालवायला परवानगी.

चेहऱ्यासाठी उजेड अडवायचा. बारीक तारेच्या टोकाला काळ्या कार्डाचा सुपारीएवढा तुकडा चिकटवा. सायकलची जुनी तार यासाठी फार छान. कार्ड लेन्स आणि पेपरच्या साधारण मधोमध धरा म्हणजे त्याची कड पुसट पडते, आणि सतत हलवत राहा. तारेची दिशाही बदलत राहा, नाहीतर आजीच्या गळ्यावर फिकट रेघ उमटते. मी १० पैकी अडीच सेकंद अडवले. चेहरा उजळतो तेवढं पुरे. चार सेकंद अडवून बघितले तर चेहरा राखाडी पिठासारखा झाला आणि भोवती वलय आलं. सावलीत बसलेली बाई सावलीत बसलेलीच दिसायला हवी.

वृंदावनाला उलट जास्त उजेड द्यायचा. मोठ्या पुठ्ठ्याला एक ओबडधोबड भोक पाडा. वरची बाजू पांढरी ठेवा म्हणजे प्रतिमा त्यावर दिसते, खालची काळी म्हणजे पेपरवर उजेड परतत नाही. मूळ १० सेकंद झाले की पुठ्ठा मधे धरून फक्त तो कोपरा आणखी भाजायचा. इथे नवखे हात फार आखडतात. ३ सेकंद जास्त देतात आणि फरक पडला नाही म्हणून हिरमुसतात. पटीत विचार करा. १० वर आणखी १० दिले तर एक स्टॉप. दोन स्टॉप हवे असतील तर आणखी ३० द्यावे लागतात. कोऱ्या पांढऱ्याला दोन स्टॉप ही काही चैन नाही.

त्यात एक युक्ती आहे. हे जास्तीचे सेकंद ३ नंबरवर दिले तर वृंदावनाचा चुना जेमतेम राखाडी होईतो शेजारचं खांबाचं लाकूड काळं ठिक्कर पडतं. म्हणून भाजताना फिल्टर बदलून ०० लावा. मऊ फिल्टर पांढऱ्यात हळूच छटा भरतो आणि काळ्याला फारसा हात लावत नाही. वेळ मात्र त्या फिल्टरवर तुकडे काढून नव्याने शोधायचा. आणि फिल्टर बदलताना एनलार्जरला धक्का लागू देऊ नका. लागला तर प्रत्येक कडेला भुतासारखी दुसरी कड येते. माझे या एका फोटोचे तीन ताव अशाने गेले.

शेवटी चारही कडा जरा दाबाव्यात, पाव स्टॉप पुरे. बघणाऱ्याला दाबल्याचं कळलं म्हणजे जास्त झालं.

कुठे किती अडवायचं आणि किती भाजायचं हे अनुभवानेसुद्धा बदलतं. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि पुढची कित्येक वर्षं त्याचे प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात पुसट ढग आहेत, नंतरच्यांत ते आभाळ जवळजवळ काळं आहे. निगेटिव्ह तीच. म्हणून प्रत्येक प्रिंटचा नकाशा काढून ठेवा: वहीत चौकोन, त्यात आजी, सूप, दार, वृंदावन अशा ढोबळ आकृत्या, आणि त्यावर "−२½", "+३०, ००" असे आकडे. लेन्सचा स्टॉप, एनलार्जरची उंची, पेपर, डेव्हलपर, तारीखही लिहा. आठवड्याने हे आठवत नाही.

फायबरवर काढणार असाल तर अंतिम प्रिंटला ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडा कमी उजेड द्या. किती कमी, ते तुमच्या पेपरवर एकदा शोधून ठेवा. ओल्या डोळ्यांना बरोबर वाटलेला प्रिंट, आणि त्याच्याहून ५, ८ आणि १० टक्के कमी वेळाचे तीन, असे चार काढा आणि वाळू द्या. वाळल्यावर बरोबर दिसेल तो तुमचा आकडा. पावसाळ्यात कोकणात फायबर पेपर वाळायला दोन दिवससुद्धा घेतो, तेव्हा हे काम दिवाळीनंतर करा.

दिवा लावल्यानंतर

चेहऱ्यातला एखादा बारीक भाग, डोळ्यातलं पांढरं किंवा कानातली कुडी, तारेने उजळत नाही. त्यासाठी पोटॅशियम फेरिसायनाइडचं अगदी पातळ, लिंबाच्या सरबतासारखं फिकट पाणी कापसाच्या काडीने ओल्या प्रिंटवर टेकवायचं आणि लगेच साध्या हायपोत बुडवायचं. याच जोडीला १८८३ पासून फार्मर्स रिड्यूसर म्हणतात. हवं त्याच्या आधीच थांबा, कारण हायपोत पडेपर्यंत ते खात राहतं आणि खाल्लेलं परत येत नाही. लोखंडी पट्टीचा ब्रश वापरू नका, निळे डाग पडतात. हे रसायन तीव्र आम्लाजवळ आणि आचेजवळ नेऊ नका, विषारी वायू सुटतो. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं कुठलंही भांडं वापरू नका आणि खिडकी उघडी ठेवा. सेलेनियम टोनरलाही हीच पथ्यं. त्याने काळा रंग आणखी खोल होतो आणि प्रिंट टिकतो, पण हायपो अर्धवट लागला किंवा धुवायचा राहिला असेल तर डाग पडतात. आरसीला वाहत्या पाण्यात २ मिनिटं पुरतात. फायबरला नुसत्या पाण्यात अर्धा-पाऊण तास लागतो, कारण कागद स्वतः हायपो पिऊन बसतो.

वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवा. त्यातून चांदी काढणारे लोक आहेत. एक्स-रे काढणाऱ्या जुन्या दवाखान्यांना ते माहीत असतात.

आणि धूळ. कितीही फुंकलं तरी वाळलेल्या प्रिंटवर दोन-चार पांढरे ठिपके असतातच. ००० नंबरचा ब्रश, स्पॉटिंगचा रंग, आणि शेजारी पेपरचा एक वाया गेलेला तुकडा घ्या. रंग हवा त्यापेक्षा फिका करा, ब्रश त्या तुकड्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टेकवा आणि मग ठिपक्याच्या मधोमध टोक लावा. रेघ ओढायची नाही, टिंब द्यायचं. एकदा, वाळू द्या, पुन्हा. भोवतालच्या राखाडीपेक्षा किंचित फिकं असतानाच सोडा. माझ्या प्रिंटवर सुपाच्या कडेला एक ठिपका होता. तो मी भरला नाही, तांदळाचा दाणा म्हणून खपला.